तिसऱ्या घोड्याचा मागचा पाय

भिवंडीत सुट्टी शुक्रवारची. लूम बंद, धाग्याची दुकानं बंद, रस्त्यावरची गर्दी जरा कमी. त्यामुळे आमच्या सहलीही शुक्रवारीच निघतात. मी, माझी मुलगी उन्नती आणि तळमजल्यावरच्या कौसल्यामावशी. गाडी उन्नती चालवते. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, शुक्रवारी दोनच तास असतात आणि ते ती बुडवते. तिच्या वडिलांनी हे वाचलं तर वाचोत.

मी मागच्या सीटवर बसते आणि खिडकीवरचं हँडल धरून ठेवते. समोरून कंटेनर आला की माझ्या डोक्यात अपघाताची बातमी मथळ्यासकट तयार होते. मावशी पुढच्या सीटवरून मान न वळवता म्हणतात, "संघरत्ना, हँडल सोड. गाडी त्यानं चालत नाही."

मावशींचं वय चौसष्ट. त्यातली बत्तीस वर्षं त्या एका कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासत होत्या. लूमवरून उतरलेला कोरा तागा टेबलावर ओढायचा, कुठे तार तुटली, कुठे गाठ राहिली ते शोधायचं आणि खडूनं खूण करायची. नव्या मुली वाकून वाकून डोळ्यांनी शोधायच्या. मावशी शेजारणीशी गप्पा मारत नुसता तळहात फिरवायच्या. एकदा शेठनं गंमत म्हणून त्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधायला लावली आणि आधी स्वतः तपासलेला तागा समोर टाकला. शेठच्या हिशेबानं त्यात नऊ खोडी होत्या. मावशींनी अकरा खुणा केल्या. "दोन शेठला दिसल्या नव्हत्या," एवढंच त्या सांगतात, आणि ते सांगताना हनुवटी थोडी वर जाते.

आता त्यांच्या डाव्या डोळ्यानं दिसत नाही. काचबिंदू. उजव्यानं नळीतून बघावं तसं दिसतं, मधलं तेवढं, कडेचं काही नाही. मुलगा सुगत ऐरोलीला असतो. आईवर त्याचा जीव आहे, म्हणून तो तिला घरात बसवायला बघतो. मला फोन करतो, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी समजवा. या डोळ्यांनी ती किल्ले काय बघणार?" मला त्याचं पटायचं. मी स्वतःच कशी तरी गाडीत बसायची. पण मावशी किल्ले बघायला निघालेल्याच नव्हत्या. त्या एक दगड शोधत होत्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गावातल्या देवळाला पन्नास वर्षं झाली म्हणून एक स्मरणिका निघाली. गाव भिवंडीजवळच्या वळ गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आता तिथे सगळी गोदामं, पत्ता विचारला तर लोक कंपाउंडचं नाव आणि गाळ्याचा नंबर सांगतात, पण मावशींचा जन्म तिथला. कुणीतरी त्यांना स्मरणिका आणून दिली. त्यांनी ती उन्नतीकडून वाचून घेतली. पहिला लेख केसरीनाथ यांचा, गावातले मोठे जमीनमालक. त्यात एक वाक्य होतं, 'आमच्या गावात सर्व समाज प्रेमाने राहिला, तळ्याचे पाणी सर्वांना मोकळे होते.'

"पुन्हा वाच," मावशी म्हणाल्या.

उन्नतीनं पुन्हा वाचलं.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. मग आम्हाला दोघींना त्यांनी पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली. बारा वर्षं शेजार होता, पण हा विषय कधी निघाला नव्हता.

तळ्याच्या अलीकडे एक दगड उभा होता. लहान मुलीच्या खांद्याएवढा. आमच्या लोकांनी तिथवरच जायचं. हंडा खाली ठेवायचा आणि थांबायचं. तळ्यावर आलेल्या एखाद्या बाईच्या मनात आलं तर ती वरून ओतायची. कधी लगेच, कधी ऊन डोक्यावर आल्यावर. मावशी सहा वर्षांच्या असल्यापासून तिथे थांबत होत्या. चौदाव्या वर्षी आईबरोबर भिवंडीला आल्या आणि कारखान्यात लागल्या, तेव्हा ते सुटलं. थांबून थांबून कंटाळा यायचा, म्हणून त्या दगडावर बोटं फिरवत बसायच्या. तीन घोडे होते. पहिल्यावर भालेवाला, दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर तलवारवाले. तिसऱ्या घोड्याला मागचा एक पाय नव्हता, तिथे टवका उडालेला. खाली एक माणूस आडवा. वर चंद्र आणि सूर्य.

"फोन लाव त्यांना," मावशी उन्नतीला म्हणाल्या. स्मरणिकेत नंबर होता.

"दगर?" केसरीनाथांचा आवाज स्पीकरवर आला. "कुठचा दगर? तलं व्हतं, दगर-बिगर काय न्हवता. कोन बोलतंय?"

"कौसल्या. लहानूची पोर."

ते म्हणाले, "बाय, आता ते कशाला उकरतेस? सगलं चांगलं चाललंय," आणि फोन बंद झाला.

"चांगलं चाललंय तर दगड होता म्हणायला काय जातं?" मावशी म्हणाल्या. "दगड काय कुणी खात नाही. असेल कुठेतरी. मी शोधते."

उन्नतीनं वाचून काढलं की याला वीरगळ म्हणतात. लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून जुन्या काळी असे दगड उभे करत. आमच्या भागात कोरलेला दगड दिसला की आज ना उद्या त्याचा देव होतो. शेंदूर चढतो, मग पत्र्याचं छप्पर येतं, मग घंटा. तेव्हा आमचा अंदाज असा की तळं बुजलं तेव्हा कुणीतरी दगड उचलून आसपासच्या गावात देव म्हणून बसवला असणार. म्हणजे शेंदूर लावलेले दगड तपासायचे. आणि मावशींच्या गावात मात्र जायचं नाही. "दगड मिळाल्याशिवाय मी त्या गावात पाय टाकणार नाही," असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

असे आम्ही निघालो. पहिल्या शुक्रवारी लोनाडला. टेकडीतलं लेणं, समोर भाताची कापलेली शेतं, त्यात वालाचे हिरवे पट्टे. लेण्यात बसून आम्ही त्रिशरण म्हटलं, डबा खाल्ला आणि मग खालच्या गावातली देवळं धुंडाळली. नंतर वज्रेश्वरीच्या बाजूला, मग दुगाडकडे गुमताऱ्याच्या पायथ्याशी. गडावर मी चढले नाही आणि उन्नतीला चढू दिलं नाही. ती तासभर माझ्याशी बोलली नाही. मग सोपाऱ्याचा स्तूप. मावशी त्याच्याभोवती हळूहळू फिरल्या आणि म्हणाल्या, "इथे दगड नाही मिळायचा. पण बरं वाटतंय. आपण आधी का नाही आलो गं?"

खरंच, का नाही आलो? मी भिवंडीत जन्मले, इथेच बी. ए. झाले, आणि पंचेचाळीस वर्षांत या रस्त्यांवरून फक्त लग्नाला नाहीतर दवाखान्यात गेले. तानसाच्या पाण्यावर सकाळी वाफ तरंगते हे मला माहीत नव्हतं. आसनगावच्या पुढे माहुलीचे सुळके दिसले तेव्हा मी हँडल सोडून खिडकीतून अर्धी बाहेर आले, आणि उन्नती ओरडली, "आई, आत!" आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला ओरडण्याची संधी साधली.

एका देवळाबाहेर ओळीनं जुने दगड मांडले होते. मावशी वाकल्या तसा पुजारी आतून ओरडला, "ए बाई, हात लावायचा नाही."

"ते मला सहाव्या वर्षापासून पाठ आहे," मावशी म्हणाल्या, आणि शांतपणे एकेका दगडावर बोटं फिरवून पुढे गेल्या. शेवटच्या दगडाशी त्या थांबल्या. "हा चांगला आहे. पण माझा नाही." पुजारी पायरीवर उभा राहून बघत होता. मावशींनी त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "पुढच्या गावात अजून आहेत का असे?" त्यानं चक्क रस्ता सांगितला.

दोन वर्षांत आम्ही एकतीस गावं केली. चार ठिकाणी घोडे सापडले. दोन ठिकाणी तीनही घोडे. पण पाय सगळ्यांचे शाबूत.

गेल्या डिसेंबरात डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं. आहे ते टिकवण्यासाठी, गेलेलं परत आणण्यासाठी नाही. आणि टिकेलच याची खात्री नाही. तारीख जानेवारीतली, मंगळवारची मिळाली. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मावशी साडेसातला तयार होऊन जिन्याशी उभ्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी.

"कुठे?" उन्नतीनं विचारलं.

"गावाला. माझ्या."

"पण दगड मिळाल्याशिवाय जाणार नव्हतात ना?" मी म्हटलं.

"मंगळवारनंतर मिळाला तरी मी तो कशानं बघू? जागा तरी बघून ठेवते."

वळपर्यंत गाडी रांगेतच चालली. शुक्रवार भिवंडीचा, गोदामांना शुक्रवार नाही. मावशी काचेला नाक लावून बसल्या होत्या. पन्नास वर्षांनी येत होत्या आणि एकही खूण उरली नव्हती. गावाच्या तोंडाशी उंच पत्र्याचं कंपाउंड होतं. तळं कुठे विचारलं तर सिक्युरिटीवाला म्हणाला, "माताजी, इधर कोई तालाब नहीं है. यहाँ चार नंबर गाला है."

"बेटा, चार नंबर के नीचे देख," मावशी म्हणाल्या.

त्याला काही कळलं नाही, पण तो हसला.

कंपाउंडच्या मागच्या गल्लीत जुनं गाव उरलंय. घरं नवी झालीत, दुमजली, फाटकांवर सिमेंटचे सिंह. चालून चालून मावशींचे पाय भरून आले. एका अंगणात एक वयस्कर बाई कपडे धोपटत होती. हिरवी नऊवारी, हातात सोन्याच्या पाटल्या, आणि मागे ओटीवर प्लास्टिक पांघरलेलं नवं वॉशिंग मशीन.

"कोनाकरं आयल्या गो बाय?" तिनं विचारलं.

"कुणाकडे नाही. पाय दुखले. टेकू का जरा?"

"टेक ना. त्यात काय इचारायचा?" तिनं ओले कपडे बाजूला सारून धुण्याच्या दगडाशेजारचा कठडा मोकळा केला. माझी नजर मशीनवर होती ते तिनं पाहिलं. "पोरानं आनलाय. गोदामाची धूल त्यात निघत न्हाय. तिला दगरच लागतं."

मावशी कठड्यावर बसल्या. बसताना तोल सांभाळायला त्यांनी डावा हात खाली टेकला. पाणी वाहून जावं म्हणून धुण्याचा दगड दोन्ही टोकांना विटांवर ठेवलेला होता. त्यांची बोटं त्याच्या कडेखाली गेली आणि तिथेच राहिली.

मला वाटलं, बीपी.

"मावशी, चक्कर येतेय का?"

"गप."

कठड्यावरून उतरून त्या साबणाच्या पाण्यात गुडघ्यांवर बसल्या. पांढरी साडी भिजली. दोन्ही हात कोपरापर्यंत दगडाखाली घातले आणि डोळे मिटून घेतले. हनुवटी वर. फोल्डिंग खात्यातल्या मावशी मी कधी पाहिल्या नव्हत्या, त्या तेव्हा पाहिल्या.

"पाय आहेत," त्या म्हणाल्या.

"कुणाचे?"

"घोड्याचे. हा पहिला. चार. हा दुसरा. चार." ओठ हलत होते. हात पुढे सरकला.

"आजी, तिसरा?" उन्नतीनं विचारलं.

"तीन," मावशी म्हणाल्या. "चौथ्याच्या जागी खड्डा."

ती बाई धोपटणं घेऊन उभी होती. ती मोठ्यानं हसली. "घोरंच हायेत ते. मना म्हाईत न्हाय होय? तलं बुजवलं तवा मीच गारीत घालून आनवला. पंचवीस वरसं झाली. चित्रांवर कापरं फाटायची, म्हनून पालथा घातला."

एकतीस गावं. तानसा, माहुली, सोपारा. आम्ही सगळ्या तालुक्यातले देव तपासत होतो, आणि आमचा दगड पोटावर निजून चादरी धुवत होता. कुठल्याही देवळात जाऊन विचारायचं धैर्य केलं, पण कुणाच्या धुण्याखाली बघावं हे आम्हा तीन बायकांच्या डोक्यात आलं नाही.

ओटीवर झोपाळा होता, त्याच्या कड्या करकरल्या. पांढऱ्या कपड्यांतले एक म्हातारे उठून पायरीपर्यंत आले.

"काय चाललंय, धोंडूबाय? कोन हायेत या?"

आवाज मी ओळखला. मावशींनी तर आधीच ओळखला होता. त्या तशाच, गुडघ्यांवर बसून म्हणाल्या, "कौसल्या. लहानूची पोर. फोन केला होता दोन वर्षांपूर्वी."

केसरीनाथ पायरीवरच थांबले. "उठा तिथून. दगर आमच्या अंगनात हाय."

"फोनवर म्हणालात दगड नव्हता. आता म्हणताय अंगणात आहे. दोन्हीतलं एक ठरवा."

"जुना दगर हाय, त्यात काय एवढा? पलीकडची जागा गोदामाला द्यायची हाय. उद्या सरकारी मानसं आली, नोटीस लागली, म्हंजे? तुमाला काय, तुमी जाल गारीत बसून."

"मला जागा नको. दगडही नको. मला तो उलटा करून बघायचाय. मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"मग डोला बरा झाल्यावर या."

"नाही. आज."

आजूबाजूच्या गच्च्यांवर दोन-तीन डोकी दिसायला लागली होती. माझ्या डोक्यात नवी बातमी तयार होत होती. अनोळखी गाव, जमिनीचा मामला, सोबत तरुण मुलगी. मी मावशींच्या खांद्याला हात लावला. "चला मावशी. दगड आहे हे कळलं ना? पुरे झालं."

"संघरत्ना," त्या म्हणाल्या, "तू गाडीत जाऊन हँडल धर."

मी गेले नाही. पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. उन्नती माझ्याकडे बघत होती.

केसरीनाथांनी आवाज खाली आणला. "बाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पोराला इचारतो, वकिलाला इचारतो. दोन-चार दिस थांबा."

मावशी कठड्याला धरून उठल्या. साडीतून पाणी गळत होतं.

"थांबले. आठ वर्षं थांबले, याच दगडापाशी. पाऊस असला तरी आणि ऊन असलं तरी. तुमच्या आई तळ्यावर यायच्या, त्यांनी ओतलं की मग घरी जायचं. आता नाही थांबणार."

धोंडूबाईंनी हातातलं धोपटणं खाली ठेवलं.

"आमची सासू ओतायची?"

"ओतायच्या. कधी कधी हंडा भरून. वाईट नव्हत्या. पण वरूनच."

धोंडूबाईंनी हात पुसले. सावकाश, एकेक बोट. मग नवऱ्याकडे वळल्या. "दगर कोनी आनला?"

"त्याचं काय आता?"

"मी आनला. पंचवीस वरसं त्याच्यावर कंबर मोरली ती माजी. तुमी एक दिस तरी त्याच्यावर सोताची बनियन धुतली का?"

"तुला काय कलतंय त्यातलं?"

"मना कलतंय. तुमी बसा झोपाल्यावर." आणि घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "भावेश! ए भावेश! पहार घेऊन ये!"

त्यांचा मुलगा, चाळिशीचा, कानाला फोन लावूनच बाहेर आला. "आई, पार्टी लाइनवर हाय."

"ठेव तिला लाइनवर. पहार आन."

त्यानं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि फोन खिशात घातला. पलीकडून जुना टायर आणून दगडाच्या बाजूला टाकला. पहार घातली. उन्नती आणि मी दुसऱ्या बाजूनं जोर लावला. मी सारखी ओरडत होते, "पाय सांभाळ, उन्नती, पाय!" आणि ती दात खाऊन म्हणत होती, "आई, ढकल!" दगड हलला, उभा राहिला, क्षणभर माझ्याच अंगावर येतोय असं वाटलं, आणि मग टायरला टेकून बसला.

खालून मुंग्या पळाल्या. कोरलेल्या बाजूवर चिखलाचा आणि साबणाचा पांढरट थर होता. धोंडूबाईंनी बादली उचलली आणि एका फटक्यात ओतली. काळा दगड वर आला.

पालथा होता म्हणून सगळं टिकलं होतं. खाली आडवा माणूस, ढाल अजून हातात. त्याच्या वर तीन घोडे पळतायत, माना ताणलेल्या. त्याच्या वर दोन बायका त्याच माणसाला हाताला धरून वर नेतायत. मग पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो. सगळ्यात वर चंद्र-सूर्य.

मावशींनी उजवा डोळा वीतभर अंतरावर नेला. त्यांना सगळं एकदम दिसत नाही. म्हणून तागा तपासावा तसं त्यांनी खालून सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, मग वरची ओळ, पुन्हा डावीकडून. आम्ही सगळे उभे. केसरीनाथसुद्धा. भावेशच्या खिशातला फोन वाजून वाजून बंद झाला.

"भालेवाल्याला मिशी आहे," मावशी शेवटी म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं. लहान बोटांना कळली नव्हती."

केसरीनाथ खाकरले. "देवच हाय हा. आपन याला नीट बसवू. शेंदूर लावू, वर छप्पर करू."

"शेंदूर लावायचा नाही," मावशी म्हणाल्या. "मिशी बुजेल. आणि हा देव नाही. लढताना मेलेला माणूस आहे."

"बरं. मग पुढच्या स्मरणिकेत फोटू छापू. आमच्या गावचा पुरातन ठेवा."

"छापा. खाली लिहा, पाणी घ्यायला इथे आम्हाला थांबवत."

"तसं कसं लिवायचं? गावाची अब्रू हाय."

"माझीपण आहे," मावशी म्हणाल्या.

केसरीनाथ ओटीकडे वळले. झोपाळ्यावर बसल्याचा आवाज मात्र आला नाही.

धोंडूबाईंनी घरातून तांब्या आणला. मावशी दगडाला पाठ टेकून बसल्या होत्या. धोंडूबाई वाकल्या, आणि मावशींचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. ओंजळ करून. त्यांचं लक्षही नव्हतं, त्या अजून घोड्यांविषयी उन्नतीशी बोलत होत्या. धोंडूबाईंनी, त्याही तशाच, सवयीनं, तांब्या कलता केला.

पाण्याची धार ओंजळीत पडली तेव्हा मावशी थांबल्या. आपल्या हातांकडे त्यांनी पाहिलं. मग ओंजळ सोडली. पाणी खाली गेलं.

"ओतू नको गो," त्या म्हणाल्या. गावची बोली. बारा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ती कधी ऐकली नव्हती. "हातान दे."

धोंडूबाईंनी तांब्या त्यांच्या हातात दिला. मावशींनी तोंड लावून अर्धा प्यायला, मग माझ्याकडे दिला, मी उन्नतीकडे. उन्नतीनं परत दिला तेव्हा तळाशी दोन घोट होते. ते धोंडूबाईंनी स्वतः पिऊन टाकले. "मना पन लागली तहान," त्या म्हणाल्या. "दगर काय हलका हाय?"

मंगळवारी ऑपरेशन झालं. होतं तेवढं दिसणं राहिलं. डॉक्टर म्हणतात हेच यश. सुगत दिवसभर बाहेर बसून होता. आईला घरी आणल्यावर म्हणाला, "दगड सापडला ना आई? आता तरी फिरणं बंद."

"इतके दिवस शोधत होते," मावशी म्हणाल्या. "नुसतं फिरायचं तर आता आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. समजावण्याचं काम माझं होतं. मी म्हटलं, "शुक्रवारी साडेसातला निघतो आम्ही. गाडीत एक जागा आहे."

दगड धोंडूबाईंच्या अंगणात भिंतीला लागून उभा आहे. शेंदूर नाही. त्या आता ग्रॅनाइटच्या तुकड्यावर धुतात आणि तो घसरतो म्हणून फोनवर तक्रार करतात. उन्नतीनं पुरातत्त्वाच्या कचेरीला फोटो आणि पत्र पाठवलंय. अजून कुणी आलेलं नाही. मात्र गावातून निरोप आला, तोही वळच्या गोदामात काम करणाऱ्या माझ्या नवऱ्याकरवी. तुमच्या बाईंना सांगा, लिहिण्याच्या भानगडीत पडू नका, वातावरण बिघडतं. रवींद्रनं जेवताना मला तो सांगितला आणि विचारलं, "लिहिणार आहेस?"

"हो."

त्यानं भात वाढून घेतला. "मग मापं नीट घाल," तो म्हणाला. "माप नसलं की लोक माल नाकारतात."

तर माप असं. उंची तीन फूट एक इंच, रुंदी दीड फूट, जाडी अर्धा फूट. मी भित्री आहे, हे लिहितानाही दाराची कडी दोनदा बघून आले. पण मावशींनी फोटोखाली छापायला म्हणून सांगितलेलं मी कागदावर घेतलं होतं, आणि स्मरणिकेत ते येणार नाही हे आता नक्की आहे. म्हणून त्यांच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता:

'तळ्याचं पाणी सर्वांना मोकळं नव्हतं. अलीकडे दगड होता, तिथे आम्हाला थांबावं लागत होतं. मी थांबले आहे. दगड अजून आहे. तिसऱ्या घोड्याला मागचा एक पाय नाही. येऊन मोजा.'